भोंगेराव यांनी नवे गाणे सर केले त्याची हकीकत

कान असणाऱ्या समस्तांनी सावध होऊन बसावे, कारण येथे लिहिले जाते ते वर्तमान मोठे बाके आहे. स्पीकर दुरुस्तीचे काम करणारे, अखंडित-खरखर-अलंकृत, सोल्डरधुरंधर, गिऱ्हाइकांत भोंगेराव या नावाने मशहूर, यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी नव्या गाण्यांच्या मुलखावर मोहीम केली, आणि बारा दिवस झुंजून, आधी स्वतःची फजिती करून घेऊन मग फत्ते मिळविली, त्याचा हा तपशील. पदरचे काही घातले नाही. फजितीचा भाग थोडा आटोपता घ्यावा ऐसे लिहिणाराच्या मनात आले होते, परंतु रावांच्या कुटुंबाने कागद वाचून पाहिला आणि तो भाग होता तितका परत लिहविला.

रावांचे ठाणे म्हणजे घराच्या पुढल्या खोलीतले दुकान. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर पोट उघडे पडलेले अॅम्प्लिफायर, भिंतीस फाटक्या कागदाचे स्पीकर एकावर एक रचलेले, आणि मागल्या खोलीत कुटुंबाचे शिलाई मशीन. बेचाळीस वर्षे रावांनी येथून अंमल चालविला. त्यांची रीत ऐसी की दुरुस्त जाहलेल्या स्पीकरवर गाणे लावावे, अर्धा मिनिट कान द्यावा, तेवढ्यात खरखर असली तर ती उघडी पडते, आणि नसली तर गाणे बंद करून पुढला स्पीकर ओढावा. या रीतीने रावांनी लाखभर गाण्यांची तोंडे पाहिली, शेपूट एकाचेही पाहिले नाही. तरी रॉक आणि पॉप या उभय प्रांतांत आपणांस न कळणारे काही नाही, आणि नवे म्हणून जे येते ती सर्व जुन्याची नक्कल आहे, ऐसा त्यांचा दावा असे, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकास तो न मागता ऐकविला जाई.

रावांस एक कन्या. ती दिवसा टपाल कचेरीत पत्रे लावते आणि सुट्टीच्या दिवशी चौघांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजविते. तिचे बिऱ्हाड वेगळे, परंतु दर रविवारी जेवावयास यावे, आणि जेवण जाहले की बापलेकीने दुकानात बसून आवाजाविषयी कडाकडा भांडावे, हा उभयतांचा सर्वांत आवडता उद्योग होता. एके रविवारी कन्येने आपल्या बँडचा पहिला, अजून बाहेर न पडलेला अल्बम फोनवर आणिला. गाणी नऊ. रावांनी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन, उभ्याउभ्या, प्रत्येकास अर्धा मिनिट दिला, आणि हे अमक्यासारखे, ते तमक्यासारखे, ऐसे म्हणत साडेचार मिनिटांत नऊच्या नऊ गाणी कापून काढिली. मग फर्मान निघाले की अल्बम नीटनेटका आहे, परंतु सगळे ऐकलेले आहे.

कन्येने फोन खिशात घातला आणि विचारले, "बाबा, गेल्या पाच वर्षांतला एक अल्बम सांगा, जो तुम्हाला नवा वाटला."

राव म्हणाले, "नवं असं आता काही राहिलेलं नाही."

"एकसुद्धा नाही?"

"असता तर सांगितला नसता का?"

"मग माझी गाणी जुनी आहेत की तुमचे कान, ते आधी बघा. तोवर मी तुम्हाला काही ऐकवणार नाही."

पुढल्या रविवारी कन्या आली, जेवली, गळक्या नळाविषयी आणि मावशीच्या गुडघ्याविषयी पुष्कळ बोलली, आणि दुकानात पाऊल न ठेवता निघून गेली. रावांनी दोन खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. त्यांतल्या एकीवर बसून ते बराच वेळ एका बंद स्पीकरकडे पाहत राहिले. कुटुंब दारात येऊन म्हणाले, "बसा आता कानांना घेऊन."

तेव्हा रावांस कळून आले की दौलत हातची चालली, आणि सोमवारी मसलत करून मंगळवारी कूच केले. उद्देश एकच, की अलीकडचा, खरोखर नवा वाटेल ऐसा एक तरी अल्बम पैदा करावा, आणि तो कन्येपुढे ठेवून आपल्या कानांची इभ्रत राखावी आणि रविवार परत मिळवावा.

पहिली चढाई समीक्षकांच्या याद्यांवर जाहली. जाणकारांनी वर्षाचे उत्तम म्हणून गौरविलेले चाळीस अल्बम रावांनी वहीत उतरवून घेतले. प्रत्येकाविषयी लिहिले होते की ऐसे आजवर कोणी केले नाही, आणि चाळीस जणांनी एकाच वर्षी तसे केलेले पाहून रावांस तेथेच संशय आला. मग रोज सकाळी चहा घेऊन राव टेबलाशी बसत, प्रत्येक अल्बमच्या दोन-चार गाण्यांस अर्धाअर्धा मिनिट देत, आणि वहीत नावापुढे "ऐकलेले" ऐसा शेरा मारून पुढे सरत. चार दिवसांत चाळीसही पडले. रावांचा एक केसही वाकडा जाहला नाही.

मागल्या खोलीतून मशीन थांबे आणि विचारणा होई, "आज किती मारले?"

"अकरा."

"एखादा तरी वाचला?"

"नाही."

"मोठे शूर."

मग रावांनी दुसरी तजवीज केली आणि फोनमधल्या वाटाड्यावर भिस्त ठेविली. हा वाटाड्या ऐसा की आपण काय ऐकतो ते पाहून, तुम्हांस हेही आवडेल, म्हणून नवनवा मुलूख दाखवितो. राव त्याच्या मागोमाग निघाले, आणि दर अर्ध्या मिनिटाला त्याचा हात झिडकारून पुढे चला म्हणत राहिले. वाटाड्याने आधी आरडाओरड दाखविली, मग हळवे पियानो दाखविले, मग लहान मुलांची गाणी दाखविली. तीन दिवसांत तो पार नामोहरम जाहला, आणि या माणसास गाणेच नको आहे ऐसा ग्रह करून त्याने अखेर झोप लागण्यासाठी म्हणून नुसत्या पंख्याच्या घरघरीचा एक तासाचा अल्बम नजर केला. रावांनी तो अर्धा मिनिट ऐकिला आणि मान डोलावून म्हणाले, "हा मात्र जरा वेगळा आहे." मागल्या खोलीत मशीन थांबले ते बराच वेळ सुरू जाहले नाही, आणि कुटुंब तोंडाला कापड लावून हसत होते ऐसे मागाहून समजले.

आता बुधवारचा प्रसंग. नाचाचा वर्ग चालविणाऱ्या बाईंचा अॅम्प्लिफायर दुरुस्तीस आला होता. त्याचा रोग ऐसा की चाळीस मिनिटे चालला म्हणजे तापून आपोआप बंद पडे. बाईंनी बजाविले होते की, "काका, शनिवारी सकाळी वर्ग आहे, तोवर द्या, नाहीतर मुलींना तोंडाने ताल द्यावा लागेल मला." अशा रोगास अर्धा मिनिट पुरत नाही. तो तापेपर्यंत गाणे अखंड चालवावे लागते आणि शेजारी बसून राहावे लागते. तेव्हा रावांनी वहीतला सत्ताविसावा अल्बम, तीन बहिणींनी केलेला, पूर्वीच मारून टाकलेला, सहज म्हणून लाविला आणि उघड्या पोटावर नजर ठेवून बसले.

पहिला अर्धा मिनिट ठाऊक होता तसाच गेला. दुसरे मिनिट गेले. तिसऱ्या मिनिटात एकाएकी सर्व वाद्ये गप्प जाहली, गाणारीचा नुसता श्वास ऐकू आला, आणि मग ड्रम परत आला तो भलत्याच ठिकाणी, जणू पायरी चुकून कोणी खाली यावे. राव दचकून उठले. बिघाड सापडला ऐसे म्हणून त्यांनी अॅम्प्लिफायर बंद केला, एक कपॅसिटर उपटून नवा बसविला, डाग दिला, आणि गाणे पहिल्यापासून लाविले. तिसऱ्या मिनिटात आवाज पुन्हा गेला, श्वास आला, ड्रम घसरला. रावांनी दुसरा कपॅसिटर उपटला. पुन्हा तेच. मग राव घामाघूम होऊन तिसऱ्याला हात घालणार, तो कुटुंब हातातली शिवण घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, बिघाड दर खेपेला त्याच ओळीवर कसा येतो? त्या तसंच गातायत."

राव म्हणाले, "असं कोण गातं?"

"या गातायत ना. मी मघापासून तीनदा ऐकलं. मला तर आवडलं."

या बोलण्याने राव जागच्या जागी बसले. हातात धडधाकट कपॅसिटर होता. मग त्यांच्या मनात हळूहळू उजेड पडला की जे ऐकलेले नाही ते कानावर आले की आपण त्यास बेचाळीस वर्षे बिघाड म्हणत आलो, आणि उपटून टाकीत आलो. मग त्यांनी बिनबोभाट गाणे चौथ्यांदा लाविले आणि अल्बम न थांबविता पुढे चालू दिला. चाळिसाव्या मिनिटास अॅम्प्लिफायर आपल्या खऱ्या रोगाने बंद पडला, तेव्हा राव त्याच्यावर रागावले, कारण शेवटच्या गाण्याची दोन कडवी राहिली होती.

गुरुवारी बाईंचे काम उरकून रावांनी जुन्या रणांगणावर परत स्वारी केली. वहीतले आणखी सोळा अल्बम हात मांडीखाली दाबून पुरे ऐकिले. पैकी तेरा खरोखरच ऐकलेले निघाले, आणि याचे त्यांस मोठे समाधान वाटले. परंतु तिघे जिवंत निघाले. एका गड्याने सारा अल्बम लिफ्टमध्ये उभा राहून गायिला होता, दार उघडले की सूर बदले. एका जोडप्याने ड्रमच्या जागी टाइपरायटर घेतला होता. तिसऱ्यात गाणारी मध्येच हसली, आणि ते हसू पुढल्या गाण्याची चाल जाहले. राव प्रत्येक नावापुढला शेरा खोडीत गेले, आणि शुक्रवारी दुपारी, दार लोटून, कन्येने आईच्या फोनवर धाडलेली आपली नऊ गाणी त्यांनी पहिल्यापासून अखेरपर्यंत ऐकिली. दोन वेळा ऐकिली.

शनिवारी राव स्वतः कन्येच्या छावणीवर गेले. टायरच्या दुकानामागे एक बिनखिडकीची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, तेथे चौघांचा सराव चालू होता. कन्येने बापाला दारात पाहिले आणि गिटार खाली ठेविली.

राव म्हणाले, "सातव्या गाण्यात बिघाड आहे."

ड्रमवाला लगेच म्हणाला, "सांगितलं होतं ना मी."

कन्या म्हणाली, "कुठे आहे बिघाड?"

"तीन मिनिटांनंतर. तुझी गिटार ड्रमपासून सुटते आणि परत येतच नाही. एकटीच कुठेतरी चालत राहते."

"मी ड्रम ऐकायचं सोडून गाणारीचा श्वास ऐकत होते. चुकलंच ते. आज संध्याकाळी नीट करून घेणार आहोत."

"करू नका," राव म्हणाले. "ते मी याआधी कुठे ऐकलेलं नाही. दोनदा ऐकलं, तरी ते कोणासारखं आहे हे मला सांगता येत नाही."

मग कन्येने विचारले, "आणि बाकीची आठ?"

राव येथे खोटे बोलू शकत होते, आणि तसे बोलावे ऐसे त्यांस फार वाटलेही. परंतु ते म्हणाले, "बाकीची आठ ऐकलेली आहेत."

कन्येने खाली ठेविलेली गिटार परत उचलली. मग म्हणाली, "मलाही तसंच वाटतं. म्हणून तर राग आला होता." आणि ड्रमवाल्याकडे वळून हुकूम केला की सातव्यास कोणी हात लावू नये, आणि कोपऱ्यातली खुर्ची पायाने पुढे सरकवून बापास म्हणाली, "बसा. नवीन आहे, अजून नाव ठेवलेलं नाही. मधे बोलायचं नाही."

तेणेप्रमाणे तह जाहला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, तिची नोंद ऐसी की जिंकलेले अल्बम चार, वाचविलेले गाणे एक, हकनाक मारले गेलेले कपॅसिटर दोन. नवे गाणे साडेसहा मिनिटांचे होते. खोलीतल्या डाव्या स्पीकरचा कागद कडेला फाटला आहे आणि तो खालच्या सुराला भुणभुणतो, हे रावांच्या ध्यानी पहिल्या अर्ध्या मिनिटातच आले. गाणे संपेपर्यंत राव बोलले नाहीत.