खालच्या लोकांचं पार्सल

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले तांबेकाका लिफ्टमध्ये भेटले की "कसं काय" वगैरे विचारत नाहीत. "खालचे लोक खूश ना?" असं विचारतात. नवीन माणूस बिचारा तळमजल्यावरच्या शहांची खुशाली सांगू लागतो. काकांना मात्र आपल्या मोठ्या आतड्यातले जंतू अभिप्रेत असतात.

काका औषध कंपनीत होते. गोळ्यांना गवारीच्या बियांच्या डिंकाचं वेष्टण चढवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. त्यामुळे गवार ही त्यांच्या लेखी भाजी नव्हे, जुनी सहकारी. आणि कुणी ऊठसूट अँटिबायोटिक घेऊन खालच्या लोकांना मारलं की त्यांचं डोकं फिरतं. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी शिंकले, तर पाण्याच्या टाकीचा विषय थांबवून काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात की स्वतःच केमिस्टकडून आणल्यात?" तेव्हापासून सर्दी झाली की सेक्रेटरी जिन्याने जातात.

मागच्या वर्षी माझ्या मोठ्या आतड्याला सूज आली. ऑफिसातला निम्मा वेळ बाथरूममध्ये जायचा, नोकरी टिकते की नाही अशी पाळी आली. डॉक्टरांनी दिलेली गोळी नेमकी डिंकाच्या वेष्टणाची निघाली. काकांना कोण आनंद!

"सुजाता, ही गोळी म्हणजे पार्सल. वरती जठरात कुणी फोडायचं नाही. डिंक आपल्याला पचतच नाही ना! खाली पोचलं की खालचे लोक डिंक खातात, पार्सल उघडतं, औषध बरोब्बर सुजेवर. झकास!"

गुण आला. मी माणसात आले. आणि मग दाढ ठणकायला लागली. डेंटिस्टने अँटिबायोटिक दिलं. पोटाची गोळी चालू आहे हे त्यांना सांगायचं मला सुचलं नाही आणि काकांना काही सांगायची हिंमत झाली नाही. थोड्याच दिवसांत पोट पुन्हा बिघडलं. लिफ्टमध्ये काकांनी माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं.

"दाढ?"

"हो."

"गोळ्या?"

मी लिफ्टच्या बटणांकडे बघत राहिले.

"वाट लावलीस ना! अगं, गरज होती तर घ्यायलाच हवं. पण पोटाच्या डॉक्टरला सांगशील की नाही? इकडे पार्सल येऊन पडतंय आणि उघडायला घरात कुणी नाही!"

त्यांनी मला घरच्या चपलांवरच रिक्षात कोंबलं. दवाखान्यात पेशंट मी, पण बोलले तेच. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, दाढेचा कोर्स पुरा करायला सांगितला आणि तेवढ्यापुरतं पोटाचं औषध बदलून दिलं. येताना काका रिक्षात नवरदेवासारखे ताठ बसले होते.

बरी झाल्यावर मी गवारीच्या भाजीचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. काकू गेल्यापासून त्यांनी कुणाला आत घेतलं नव्हतं, दारातच बोलून वाटेला लावत. त्या दिवशी भाजीचा वास आला म्हणून असेल, बाजूला झाले. सोफ्याशेजारी खोक्यांची चळत होती, कॅनडाहून लेकीने पाठवलेली. एकाचीही टेप निघालेली नव्हती.

"काका, ही उघडली नाहीत?"

"ते खातं हिचं होतं," काका डब्याकडे बघत म्हणाले. "मी फक्त खाली जाऊन सही करायचो. उघडायची ती."

मला रडू येईलसं वाटलं, म्हणून मी दरडावून विचारलं, "कात्री कुठंय?"

"सावकाश हं. ती टेप फाडत नसे."

मी सावकाश उघडलं. वरच्या खोक्यातून लोकरीचे जाड मोजे निघाले. मुलुंडच्या उकाड्यात काकांनी ते तिथल्या तिथे पायात चढवले आणि लेकीला फोन लावला.

"बाबा, पार्सल पोचलं का?" तिने विचारलं.

"उघडलं," काका म्हणाले, फोन माझ्या हातात दिला आणि मोजे घालूनच चहा टाकायला आत गेले.