सुंदररावांच्या गाडीची तहान

सुंदरराव आपल्या मोटारीला हळद पाजत. पूजेपुरती चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर. बाटलीभर पाण्यात कालवून ती रेडिएटरच्या तोंडात ओतायची. रेडिएटरला बारीक भोक पडलं की हळद तिथे जाऊन बसते आणि गळती थांबते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ती खरंच थांबायची. पण उरलेली हळद आतल्या पाण्यात फिरत राही, आणि इंजिन तापलं की गल्लीभर सांबार उकळल्यासारखा वास सुटे. माझे बाबा ओट्यावरून विचारत, "काय सुंदरराव, आज गाडीत काय शिजतंय?"

"पावम," सुंदरराव म्हणत. "तिज बरं नाही."

पावम म्हणजे तमिळमध्ये बिचारी. हा शब्द ते गाडीशिवाय कुणासाठी वापरत नसत.

आम्ही मैलापुरात त्यांच्या समोरच्या घरात राहत होतो. बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, पुण्याकडून बदली होऊन मद्रासला आलेले. सुंदरराव तंजावरकडचे. त्यांच्या घराण्यात कुणी पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्र पाहिला नव्हता, पण घरात मराठीच चाले. ते 'मला'ऐवजी 'मज' म्हणत, आणि 'सगळं' म्हणायचं असलं की 'असकं'. आई म्हणायची, हे बोलायला लागले की बखर वाचल्यासारखं वाटतं. मला त्यांची मराठी सोपी जाई, कारण ते एकेक शब्द सावकाश खाली ठेवत. माझी शाळा इंग्रजी, रस्ता तमिळ आणि घर मराठी. तिन्ही भाषांत मी शक्यतो गप्प असे.

गाडी इंग्रज बनावटीची होती. काळी, लांब, आत तांबूस चामड्याच्या गाद्या आणि पुढे गुळगुळीत लाकडाची फळी. सुंदरराव ज्या इंग्रजी कंपनीत हेड क्लार्क होते तिथल्या सगळ्यात मोठ्या साहेबाची ती मूळची गाडी. साहेब विलायतेला परत गेला, गाडी या हातातून त्या हातात गेली, आणि हॉर्न, एक दिवा व बरीचशी अब्रू गमावून एके दिवशी सुंदररावांच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी विचारलं, "हे काय हो?"

"ट्राम बंद झाली न," सुंदरराव म्हणाले.

ट्राम बंद झाल्याला तेव्हा बरेच दिवस लोटले होते. आणि ऑफिसला ते नंतरही बसनेच जात. गाडी निघे ती फक्त रविवारी.

हॉर्न नसल्यामुळे ते हात बाहेर काढून दारावर थाप मारत. चोक ओढला की परत आत जाई, म्हणून त्याला धुणं वाळत घालायचा चिमटा लावलेला. पेट्रोलची टाकी पाझरायला लागली की तिच्यावर कपड्याचा साबण घासत. त्यावरून घरात रोज वाद होई. घर त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीच्या ताब्यात होतं. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणे. आक्का कडक सोवळ्याच्या. त्यांचा आवाज गल्लीपलीकडून स्पष्ट ऐकू यायचा.

"या घरांत साबण कोणास? मज की तिज?"

"थोडकाच घेतला, आक्का."

"हळद नेली, साबण नेला. उद्या तिज लुगडं नेसव."

आक्का गाडीत कधीच बसल्या नाहीत. चामड्यावर बसायचं नाही, हे पहिलं कारण. सुंदररावांनी गादीवर लाकडी पाट ठेवून दिला, तेव्हा दुसरं कारण निघालं: इथे साहेब बसत होता, आणि साहेब काय खात होता हे साऱ्या मद्रासला ठाऊक होतं. पाट मात्र मागच्या गादीवर तसाच राहिला. कुणाला लिफ्ट दिली तर तो माणूस पाटावर बसून, जेवायला बसल्यासारखा, जाई.

सुंदररावही सोवळ्यात वाढलेले. भांडं ओठांना लावायचं नाही, वरून धार धरायची, ही सवय त्यांना इतकी होती की चालत्या गाडीतसुद्धा ते एका हाताने चाक धरून दुसऱ्याने तांब्या उंच करत. तोंडात थोडंच पडे. बाकीचं बंद गळ्याच्या पांढऱ्या कोटावर. आमच्याकडे कॉफी घेतानाही तोच प्रकार, त्यामुळे त्यांच्या कोटावर नेहमी एखादा नकाशा असे.

एकदा बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ या गाडीच्या बदल्यात आपली छोटी, जवळजवळ नवी गाडी द्यायला तयार झाले. त्यांना जुन्या विलायती गाड्यांची हौस होती. असा वेडा माणूस पुन्हा मिळणार नाही, असं बाबांनी परोपरीने सांगितलं. सुंदररावांनी छोट्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि काळजीने विचारलं, "ही बंद पडते का?"

"अजिबात नाही."

"मग नको," ते म्हणाले आणि घरात गेले. हा किस्सा बाबा पुढे अनेकांना सांगत.

रविवारच्या फेरीला त्यांना एक माणूस लागे. गाडी बंद पडली की ते बॉनेट उघडून आत वाकत, आणि त्याच वेळी कुणीतरी चाकापाशी बसून ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागे. गल्लीतली मुलं गोंगाट करतात म्हणून त्यांना नको होती. त्यांनी बाबांकडे मला मागितलं.

"सुधा येऊ दे. ती बोलत नाही. गाडीस बरं वाटतं."

तशी मी दर रविवारी संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसू लागले. गाडी कुठेही बंद पडे. कधी देवळाच्या तळ्याशी, कधी ऐन माउंट रोडवर, एकदा तर लग्नाच्या वरातीपुढे. तेव्हा नादस्वरवाल्यांनी तिच्याकडे बघून सूर बदलला. मद्रासभर लोक तिला ओळखत. कुठेही बॉनेट उघडं दिसलं की म्हणत, आपले रावच असणार.

त्यामुळे ती परंगीमलैला बंद पडली याचं मलाही आधी काही वाटलं नाही. सैदापेटचा पूल ओलांडून पुढे गेलं की तो डोंगर लागतो. पायथ्याशी कौलारू बंगल्यांची एक गल्ली होती. बहुतेक घरांच्या दारावर लहानसा क्रूस असे. तिथे एका चिंचेच्या झाडाखाली गाडी आचके देऊन थांबली. सुंदरराव उतरले, बॉनेट उघडून आत वाकले. थोड्या वेळाने समोरच्या फाटकातून एक बाई बाहेर आल्या. तिशीच्या, सडपातळ, कपाळ मोकळं. हातात पाण्याने भरलेला पितळी तांब्या. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "तण्णी वेणुमा, सार?" पाणी हवं का, साहेब?

"वेणुम," सुंदरराव बॉनेटच्या आतून म्हणाले. हवं.

बाईंनी तांब्या कुंपणाच्या कठड्यावर ठेवला. सुंदररावांनी तो उचलून पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि तांब्या परत कठड्यावर ठेवला. बाई आत गेल्या. गाडी लगेच सुरू झाली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा चिंचेखालीच बंद पडली. त्याच्या पुढच्याही. बाकी ठिकाणी ती वाट्टेल तशी बंद पडे, शिव्या खाऊन, हँडल मारून, कधी चार माणसांनी ढकलल्यावर सुरू होई. चिंचेखाली मात्र शहाण्यासारखी थांबे आणि शहाण्यासारखी निघे. मी चाकापाशी बसून उघडलेल्या बॉनेटकडे बघत राही. मला पलीकडचं फक्त ऐकू येई. तेच तीन शब्द, त्यावर तो एक शब्द, मग पाण्याचा आवाज.

एका रविवारी रेडिएटरचं झाकण धरायचं फडकं ते सीटवर विसरले. मी ते घेऊन उतरले. त्यांनी झाकण उघडलं तेव्हा मी शेजारीच होते. आत पिवळंधमक पाणी काठोकाठ होतं. हळदीने गळती केव्हाच बंद केली होती. तरी सुंदरराव तांब्यातलं पाणी हळूहळू ओतत राहिले. त्यांनी ओतलेलं आत जात होतं, आणि आतलं पिवळं पाणी भरून वाहून त्यांच्या चपलांवर पडत होतं. बाई ते बघत होत्या. त्यांचं नाक सुंदररावांसारखंच होतं, टोकाशी जरा वाकलेलं.

परत येताना सुंदरराव म्हणाले, "तहान फार तिज."

मी हो म्हटलं.

रात्री जेवताना मी आईला विचारलं, "समोरच्या मामांना मुलगी आहे का?" मी आपणहून काही विचारलं याचंच तिला आधी आश्चर्य वाटलं. मग तिने दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं. आम्ही इथे यायच्या आधीची गोष्ट. मुलीचं नाव पद्मा. आई लहानपणीच गेलेली. शाळेत शिकवायची, आणि तिथल्याच एका ख्रिस्ती मास्तरांशी तिने लग्न केलं. त्या दिवशी आक्का घरातल्या सगळ्या माणसांसमोर म्हणाल्या होत्या, त्या घरचं पाणी या घराच्या घशाखाली उतरायचं नाही. पद्मा दारातच उभी होती. सुंदररावांनी मान हलवली. त्यांनी नुसतीच हलवली, पण हो म्हणायला तेवढी पुरली.

"त्यानंतर दोघं एकमेकांना भेटलेली नाहीत," आई म्हणाली.

मी पानातला भात संपवला. तिला काही सांगितलं नाही.

छोटी गाडी त्यांनी का नाकारली, हे मला त्या रात्री कळलं. बंद न पडणारी गाडी घेऊन ते तिथे थांबणार कसे? ही गाडी मद्रासभर बंद पडत फिरायची ती एका चिंचेखाली थांबल्याचं कुणाला काही वाटू नये म्हणून. आणि सोवळं माणसाला असतं, रेडिएटरला नसतं. त्या घरचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. आक्कांचा शब्द ते अक्षरशः पाळत होते.

त्यानंतर आणखी बरेच रविवार आम्ही गेलो. मी बोलत नाही याचा उपयोग मला पहिल्यांदाच कळला होता.

मग एका रविवारी गल्लीच्या तोंडाशी गाडीच्या पोटात काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला आणि रस्ताभर तेल पसरलं. पुदुपेटेतून मेकॅनिक आला, खाली सरपटत गेला, बाहेर आला आणि हात पुसत राहिला. मोडलेला भाग विलायतेतही आता कुणी बनवत नाही, म्हणाला. हळद, साबण, चिमटा, यातलं काही तिथे चालणार नव्हतं. दोन दिवसांनी भंगारवाल्याने बैलजोडी आणली. साहेबाची गाडी बैलांमागून मुकाट्याने गेली. पाट काढून घ्यायचा राहिला, तो मागच्या काचेतून दिसत होता. सुंदरराव शेजारून चालत कोपऱ्यापर्यंत गेले, आणि वळताना रस्त्यात कुणी नसतानाही त्यांनी सवयीने दारावर एक थाप मारली.

आक्कांनी गाडीच्या जागी शेणसडा घातला. पिवळा डाग तरी पुष्कळ दिवस दिसत होता.

त्यानंतर रविवारी संध्याकाळी सुंदरराव ओट्यावर बसून असत. कोट घालून, किल्ली हातात घेऊन. बाबा म्हणाले, "अहो, फिरायचंच असेल तर टॅक्सी करा."

"टॅक्सी कुठे बंद पडते?" सुंदरराव म्हणाले. बाबा हसले. मला हसू आलं नाही.

असे किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. सुंदरराव वाळत चालले होते. आई म्हणाली, कॉफीसुद्धा नको म्हणतात. मग एकदा ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. "सुधास नेतों. बसने. जाऊन येतों."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"पाय मोकळे करावयास."

बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागेच बसले आणि कान देऊन इंजिन ऐकत राहिले. सैदापेटच्या पुलावर बस जरा अडखळली. त्यांनी आशेने मान वर केली. पण ती चांगली बस होती. परंगीमलैला आम्हाला उतरवून धूर सोडत निघून गेली.

चिंचेखाली जिथे गाडी थांबायची तिथेच ते उभे राहिले, तसेच, घराकडे पाठ करून. हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. पुढे वाकायला काही नव्हतं. थोडा वेळ त्यांनी हात मागे बांधले, मग सोडले. मी चिंचेच्या बुंध्याशी थांबले. तिथून परत जावं असं सुंदरराव म्हणाले असते तर मी काही न बोलता परत गेले असते, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

फाटक वाजलं. पद्माबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या होत्या. "तण्णी वेणु..." म्हणता म्हणता त्या थांबल्या. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग पहिल्यांदाच मराठीत बोलल्या.

"गाडी कुठे, अप्पा?"

"गेली," सुंदरराव रस्त्याकडे बघत म्हणाले. "मोडली. पावम."

पद्माबाईंनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं. तो काठोकाठ भरलेला होता, पाणी त्यांच्या बोटांवरून खाली येत होतं.

"मग हें पाणी कोणास?"

त्या तांब्या कठड्यावर ठेवायला वळल्या. सुंदररावही वळले. आतापर्यंत त्या दोघांच्या मध्ये कायम बॉनेट होतं.

"तिथे ठेवूं नको," ते म्हणाले. "मज दे. असकं दे."

त्यांनी तांब्या तिच्या हातातून घेतला. सवयीने तो वर उचलला, वरून धार धरायला. वर गेलेला हात क्षणभर तिथेच थांबला. मग त्यांनी तांब्या खाली आणला, दोन्ही हातांनी धरला आणि ओठांना लावला.

ते बराच वेळ पीत होते. मी रस्त्याकडे बघत राहिले. परत येताना बसमध्ये पाहिलं, तर कोटावर कुठे एक थेंबही सांडलेला नव्हता.