करवंदवाडीचा पाचवा सभासद

दारू एकट्यानं सुटत नाही, हे शास्त्र आहे; आणि एकट्यासाठी केंद्र उघडता येत नाही, हा नियम आहे. या दोन सत्यांच्या मधोमध चंदगड तालुक्यातली करवंदवाडी वसलेली आहे. उंबरे एकेचाळीस. एसटी फाट्यापर्यंत, पुढं चार किलोमीटर चालत (पावसाळ्यात जळवांच्या सोबतीनं). मोबाईलची रेंज फणसाच्या एका झाडाखाली. डॉक्टर नाही. दारू मात्र तीन ठिकाणी मिळते. तिला दुर्गमपणाची अट लागू नाही.

या वाडीतल्या सयाजी नावाच्या इसमानं दारू सोडली. मंगळवार पेठेत कार्यालय असलेल्या एका संस्थेनं तत्परतेनं, म्हणजे नव्वदाव्या दिवशी, त्याच्यासाठी शाळेच्या पडवीत दर गुरुवारी भरणारं आधार केंद्र तात्पुरतं मंजूर केलं. कायम होण्याची अट एकच: किमान पाच व्यसनग्रस्त सभासद. न भरल्यास केंद्र बंद, आणि सयाजीनं दर गुरुवारी तालुक्याला यावं. तालुक्याला एसटी जिथं उतरवते तिथून बारचा दरवाजा अकरा पावलांवर आहे. (जातानाची पावलं सयाजीनं मोजली होती. परतीची कधी मोजता आली नाहीत.)

"अकरा पावलं लै थोडी हाईत," सयाजीची बायको शालूबाई म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली.

वाडीला वाईट वाटलं. करवंदवाडीला वाईट वाटलं की ती सह्या करते. शालूबाई, शाळेचे गुरुजी, सरपंच अमरसिंह आणि आक्का यांनी "आम्ही अट्टल दारुडे आहोत" असे अर्ज सयाजीच्या अर्जाला जोडले. (चारांपैकी एक अर्ज खरा होता. कोणता, ते वाडीला ठाऊक आहे.) आक्काचा त्याग विशेष. ती गोठ्यामागं काजूच्या बोंडांची दारू गाळते आणि सयाजी तिचं चौदा वर्षांचं गिऱ्हाईक.

एकशे बाराव्या दिवशी समन्वयक दत्तप्रसाद तपासणीला आले. त्यांनी बुटातला खडा काढला, अर्ज वाचले आणि पाचही फेटाळले. हस्तपुस्तिकेचं कलम सात स्पष्ट आहे: नकार हे व्यसनाचं प्रमुख लक्षण होय. जो आपणहून कबूल करतो तो निम्मा बरा झालेला असतो, आणि निम्म्या बऱ्या माणसांवर निधी खर्च करता येत नाही. सयाजी तर दर गुरुवारी "मी बेवडा हाय" असं स्वच्छ म्हणत होता. तो सगळ्यात आधी बाद झाला.

आक्का भडकली. "अवो पावणं, आमी काय बेवडं हाय व्हय? त्येच्यासाठी लाज सोडून लिवलं! जल्मात थेंब शिवला न्हाय मी!"

दत्तप्रसादांनी पेनाचं टोपण काढलं. "तीव्र नकार," ते समाधानानं म्हणाले. "मंजूर."

मग वाडीच्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुजी "छे छे" म्हणाले, मंजूर. शालूबाईनं नुसता पदर तोंडाला लावला, मंजूर. सरपंच म्हणाले, "कवातरी, लग्नाकार्यात." त्यांना विशेष श्रेणी मिळाली.

राहिला सयाजी. एकदा "न्हाय" म्हण, वाडीनं समजावलं. तो दत्तप्रसादांकडं वळला.

"न्हाय जमायचं, सायेब. ह्ये खोटं चौदा वर्सं बोललोय. आज परत बोललो, तर सांजंला आक्काच्या गोठ्यामागं गावीन मी."

हे बाणेदार उत्तर कोणत्याही रकान्यात बसेना. सबब सयाजीची केंद्राचा किल्लीदार म्हणून नेमणूक झाली. पाचवी जागा रिकामी राहिली. ती वाडीतून भरता येत नाही. व्यापक लोकसहभागाच्या कलमानुसार पाचवा सभासद बाहेरचाच हवा.

तेव्हापासून केंद्र चालू आहे. चार धडधाकट माणसं बसकरावर बसून आपण पीत नसल्याचं सांगतात आणि एकटा कबुली दिलेला दारुडा सगळ्यांना चहा देतो. किल्ली त्याच्याकडं असल्यानं त्याला गुरुवार चुकवता येत नाही. आज त्याचा एकशे एकाहत्तरावा दिवस आहे. संस्थेच्या अहवालात याचा उल्लेख नाही, कारण तो सभासद नाही.

मध्ये एका गुरुवारी आक्का बशीत बघत म्हणाली, "प्याले न्हाय मी कवा. पर वतलं मीच की." ही कबुली झाली, म्हणजे सभासदत्व गेलं असतं. गुरुजी वेळेवर खोकले आणि इतिवृत्तात खोकल्याचीच नोंद झाली. यंदा आक्कानं बोंडं म्हशीला घातली.

आता प्रश्न फक्त पाचव्या जागेचा. महिनाअखेरीस ती भरली नाही तर पडवीला कुलूप लागेल आणि सयाजीला त्या अकरा पावलांवर जाऊन उतरावं लागेल.

हे वाचताना आपण मनात म्हणाला असाल, वाईट झालं बिचाऱ्याचं. पण आपला काय संबंध? आपण दारुडे नाही. घेतली तरी कधीतरी, चार माणसांत. आणि नको म्हणणाऱ्याच्या ग्लासात "एवढ्यानं काय होतंय" म्हणत आपण तर कधी ओतलेली नाही.

नोंद घेतली आहे. आपला अर्ज मंजूर झाला आहे. गुरुवारी दुपारी चार वाजता; फाट्यावर सयाजी न्यायला येईल.