लादीवरची माती

सोलापूरच्या मे महिन्यात बर्फाची लादी विकत घेऊन तिच्यावर माती ओतणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. घोडके मास्तर. शुक्रवार पेठेत आमची भिंतीला भिंत लागून होती. आता घरोघर फ्रीज आहेत, बर्फाचं कुणाला अप्रूप राहिलं नाही. पण तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली, भुसा चिकटलेली लादी सायकलवरून आली की अख्खा बोळ सरबताच्या आशेनं गोळा व्हायचा. आणि मास्तर तिच्यावर घमेलंभर काळी माती ओतायचे. काय जीव हळहळायचा म्हणून सांगू!

मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, पण शिकवणं सुटलं नव्हतं. कुणी काही बोललं की, "चूक! खाली बसा." नव्या पेठेतल्या कापडवाल्यानं "थेट हिमालयातली शाल" म्हटलं तरी तेच. तो बिचारा आधीच गादीवर बसलेला असे. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका नेमकी कोणत्या बंदराला लागली, यावरून त्यांनी भटजींनाही एकदा खाली बसवलं होतं.

त्यांचा एकुलता एक सुभाष शिष्यवृत्तीवर रशियाला गेला आणि तिथून कामासाठी पार उत्तरेला, समुद्राकाठी. तेव्हापासून मास्तरांच्या नकाशात तेवढाच प्रदेश उरला. "जमीन बारमाही गोठलेली! शेकडो फूट! कुदळ मारा, कुदळ मोडेल!" असं ते येईल त्याला छाती फुगवून सांगत. हे त्यांच्या बायकोनं, मालनकाकूंनी ऐकलं आणि तिथंच घोटाळा झाला.

काकू करमाळ्याकडच्या. विहिरी आटताना बघतच मोठ्या झालेल्या. त्यात ते सालही दुष्काळाचं. गोठलेली जमीन म्हणजे विहीर नाही, झरा नाही, एवढंच त्यांना कळलं आणि त्यांनी स्वतःचं पाणी अर्ध्यावर आणलं. "पोरगं तिकडं घोटभर पान्याला म्हाग, आन मी हितं तांब्या तोंडाला लावू व्हय?" त्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे खोल गेले, उठताना भोवळ यायला लागली. मी समजावलं, "काकू, तिकडे बर्फ वितळवून पितात की."

"बर्फाचं पानी त्येला सोसत न्हाय. ल्हानपनापासनं घसा धरतोय त्येचा."

यावर रशियाचं सरकार तरी काय बोलणार! मास्तरांनी मात्र कुठून कुठून पुस्तकं मिळवली आणि अंगणात तिरका पत्रा, त्यावर लादी, लादीवर माती असा संसार मांडला.

"ऐका! उन्हाळ्यात वरची हातभर माती सुटते. खाली बर्फ तसाच. मग पाणी जाईल कुठं? मातीतनं, बर्फाच्या अंगावरनं, उतारानं थेट समुद्राला!" समुद्र म्हणजे काकूंची पितळी परात. थेंब पडला की मास्तर टाळी वाजवत. "आणि हिवाळ्यात?" असं कुणी विचारलं की आणखी खूश. "शाब्बास! हिवाळ्यात सगळं बंद. एक थेंब नाही!" हा पाठ अख्ख्या बोळाला तोंडपाठ झाला होता. ज्यांच्यासाठी मांडला होता त्या काकू मात्र चुलीपासून हलत नसत.

एका दुपारी त्या बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या. बराच वेळ परातीकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी लादीवरच्या मातीत बोट घालून पाहिलं.

"म्हंजे तितंबी झरा हाय म्हना की."

"आहे तर! चांगला वाहता झरा आहे."

"आन थंडीत वो?"

उत्तर सगळ्यांच्या जिभेवर होतं. माझ्या शेजारचा तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याचा हात दाबला. मास्तर काकूंच्या सुकलेल्या ओठांकडे बघत होते.

"थंडीतही," ते म्हणाले. "जमिनीच्या पोटातून येतं. कोमट असतं. घशाला बरं."

उभ्या जन्मात चूक खपवून न घेतलेला तो माणूस एवढं बोलून मटकन पायरीवर बसला. मला त्यांच्याबद्दल इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

काकू आत गेल्या. माठावरचं झाकण वाजलं आणि घटाघटा पाणी पिण्याचा आवाज आम्हाला बाहेरपर्यंत आला. मग त्या दुसरा तांब्या काठोकाठ भरून घेऊन आल्या आणि तो त्यांनी मास्तरांच्या हातात दिला.

"घ्या, आता तुमीबी पोटभर प्या. इतकं दिस माज्यासंगं अर्धाच पेला पिताय, मला काय दिसत न्हाय व्हय?"