लंबूचा शर्ट

माप घेण्यात माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या विद्यापीठात सापडणार नाही! हजारो पोरं शिकतात इथे. त्यांतल्या निम्म्यांचा खांदा किती इंच, हे मी नुसतं मागून बघून सांगेन. फक्त नावं विचारू नका. नाव एकाचंही माहीत नाही.

आता ही विद्या मला कुठून आली, तर घरातून. माझे वडील शिंपी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आमच्या घरात देवाधर्माचे नियम फारसे नव्हते, पण एक नियम कडक होता: टेप टाकल्याशिवाय माप सांगायचं नाही. अंदाजपंचे काही बोललं की बाबा तोंडातल्या टाचण्या बाजूला काढून ठेवायचे आणि मग बोलायचे. टाचण्या काढल्या म्हणजे प्रकरण गंभीर!

विद्यापीठात सोडायला बाबा स्वतः आले होते. वसतिगृहाची खोली दोघांची. दोन खाटा, दोन टेबलं, दोन खुर्च्या. दुसऱ्या खाटेवरच्या, अजून प्लास्टिकात असलेल्या कोऱ्या गादीवर बाबांनी हात फिरवला आणि म्हणाले, "चला, सोबत आहे. तू एकटा पडणार असतास ना, तर इथे ठेवलाच नसता तुला. याच गाडीने परत नेला असता."

आणि तो दुसऱ्या खाटेवरचा पोरगा आलाच नाही! त्याला म्हणे दुसरीकडे प्रवेश मिळाला.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? वर्गात होतील की मित्र! अहो, आमचा वर्ग म्हणजे नाट्यगृह. सर पार तिकडे, माइकवर. पुढच्या रांगा आधीच धरलेल्या. पहिल्या महिन्यात मला उद्देशून माणसं जे बोलली ते सगळं सांगतो. "सरक." "पुढचा!" "ही जागा धरलीय." आणि एकदा ग्रंथालयात एका मुलीने माझ्याकडे बघून फार गोड आवाजात विचारलं, "उठताय का?" मी उठलो. ती बसली. संपलं संभाषण!

संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आला का रे तुझा जोडीदार?"

मी त्या कोऱ्या गादीकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते, नाहीतर रात्रभर जागे. दोन्ही मला नको होतं.

"आला ना!" मी म्हणालो. "चांगला उंच आहे. लंबूच म्हणतात सगळे."

"दे बघू फोन."

"आंघोळीला गेलाय."

झाला लंबूचा जन्म! त्यानंतर लंबू रोज काहीतरी करू लागला. लंबू घोरतो. लंबूला गणित जमत नाही, मी शिकवतो. लंबूच्या आईचे गुडघे दुखतात. फोन द्यायची वेळ आली की मात्र लंबू आंघोळीला.

"फार आंघोळी करतो बुवा तुझा मित्र!" बाबा म्हणायचे.

"स्वच्छतेचं वेडच आहे त्याला. तुमचं काय चाललंय? घड्याळजी आले होते?"

घड्याळजी म्हणजे आमच्या शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले. रोज दुकान बंद केलं की ते आमच्याकडे यायचे, चहा प्यायचे आणि बाबांशी बुद्धिबळ खेळायचे.

"आत्ताच उठून गेला बघ," बाबा म्हणायचे. "आज माझा वजीर खाल्लान् मेल्याने!"

तेवढ्यावर मी निवांत व्हायचो. चला, निदान बाबांना तरी सोबत आहे.

हे असंच चाललं असतं तर बिघडलं काहीच नसतं. पण एके दिवशी बाबा म्हणाले, "लंबूचं माप पाठव. शर्ट शिवतो त्याला. माझ्या पोराला सांभाळतो, तेवढं तरी करू दे मला."

"कशाला उगाच?"

"उगाच काय? आणि नीट टेप टाकून घे. अंदाजपंचे सांगितलंस तर मला फोनवरून कळतं!"

आता दुसरा एखादा असता तर त्याने मनाला येतील ते आकडे फेकले असते. पण शिंप्याचा पोर मी! बिनमापाचा आकडा जिभेवर येईना. टेप काढली आणि खोलीत माणूस शोधू लागलो. माणूस नव्हता. लंबूच्या टेबलापाशी लंबूची खुर्ची होती. तिला पाठ होती, दोन हात होते, शिवाय ती गप्प उभी राहत होती. माप घ्यायला एवढं गुणी गिऱ्हाईक बाबांनाही कधी मिळालं नसेल! पाठीच्या रुंदीचा खांदा घेतला. पाठीभोवती टेप फिरवून छाती घेतली. खुर्चीच्या हातापासून जमिनीपर्यंत बाही. गळा तेवढा अडला, कारण खुर्चीला गळा नसतो. तो मी माझ्या मांडीचा घेतला.

फोनवर बाबा आकडे लिहून घेत होते. मध्येच थांबले. टाचण्या काढून ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"छाती बेचाळीस. कंबर बेचाळीस. पोट बेचाळीस. अरे, हा माणूस आहे की खुर्ची?"

मी एवढ्या जोरात हसलो की शेजारच्या खोलीतून भिंत ठोकली कुणीतरी. शेजाऱ्याशी झालेला तो माझा पहिला संवाद!

मला वाटलं, शर्ट कुरियरने येईल, मी घडी करून ठेवून देईन. कसलं काय! रविवारी सकाळी फोन. "शर्ट झालाय. घेऊन येतो पुढच्या रविवारी. अंगावर बसलेला बघितल्याशिवाय मी शर्ट कुणाला दिलेला नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली! आठवडाभरात मला एक माणूस पैदा करायचा होता. खांदा एकोणीस, छाती बेचाळीस, आणि स्वभावाने आंघोळखोर.

खिशात टेप घालून मी विद्यापीठात फिरू लागलो. उपाहारगृहाच्या रांगेत उंच पोरांच्या मागे उभा राहून नजरेने खांदे मोजायचो. ग्रंथालयात एक जण टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपला होता. पाठ सुरेख! मी हळूच टेप टाकली. तो जागा झाला.

"काय करतोयस?"

"काही नाही. झोप तू. छाती राहिलीय फक्त."

त्याने जी बोंब मारली! ग्रंथपाल धावत आले, सुरक्षारक्षक आला, माझं ओळखपत्र बघितलं गेलं. दोन दिवसांत माझं नाव सर्वतोमुखी झालं, म्हणजे 'टेप'! जिथे जाईन तिथे उंच पोरं मला बघून रस्ता बदलायची. महिनोन्महिने ज्या विद्यापीठात मला कुणी ओळखत नव्हतं, तिथे आता मला सगळे ओळखायचे आणि लांबूनच सटकायचे. यापेक्षा आधीचं बरं होतं, असंही एकदा वाटून गेलं.

शेवटी मैदानावर एक गोळाफेक करणारा भेटला. खांदा एकोणीसच्या आसपास. छाती जास्त होती, पण वेळ कुठे होता? मी त्याला सगळं खरं सांगितलं. विद्यापीठात कुणाशी सलग एवढं बोलण्याची ती पहिलीच वेळ.

तो बराच वेळ गोळा या हातातून त्या हातात करत राहिला. "करायचं काय मला?"

"केस ओले करून यायचं. बाकी हसत राहायचं."

रविवारी मी लंबूच्या गादीवर माझी चादर अंथरली. उशी माझीच दिली. टेबलावर माझीच पुस्तकं मांडली. लंबू आता माझ्यापेक्षा ऐसपैस राहत होता! बाबा आले. वाळले होते जरा. सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलेलं. बाबांचं! मी बघितलं, पण तेव्हा माझं लक्ष दाराकडे होतं.

गोळाफेक्या आला. केस ओले करायला सांगितले होते, हा कपड्यांसकट भिजून आला!

"नमस्कार काका! आंघोळ करून आलो!"

"कपड्यांसकट?" बाबा म्हणाले.

"स्वच्छतेचं वेड," मी म्हणालो.

"आईच्या गुडघ्यांना उतार आहे का रे?" बाबांनी मायेने विचारलं.

"आई? ती तर मी लहान असतानाच गेली."

"सावत्र!" मी ओरडलो. "सावत्र आईचे गुडघे!"

"हां, हां," गोळाफेक्या म्हणाला, "दोन्ही."

बाबांनी पिशवीतून शर्ट काढला. फिका निळा. कॉलर अशी की बघत राहावं. बाबांच्या हाताला इतकं बारीक काम मी आई गेल्यानंतर बघितलंच नव्हतं. कुणीतरी माझ्या पोराच्या सोबतीला आहे, या आनंदात टाका न् टाका घातला होता त्यांनी.

गोळाफेक्याने श्वास रोखून शर्ट चढवला. मी बटणं लावली. बाबांनी लावलेलं बटण कधी तुटत नाही, ही त्यांची ख्याती. तुटलं नाहीच! गोळाफेक्याने श्वास सोडला आणि पाठीची शिवण टर्रकन उसवली.

"काका, माफ करा हो," तो रडकुंडीला आला. "मी हळूच सोडला होता."

"असू दे. काढ. आत्ता घालतो टाके." बाबांनी खिशातून सुई-दोरा काढला आणि लंबूच्या खाटेवर बसले.

कर्र!

मी माणूस आणला होता, चादर आणली होती, उशी आणली होती. फक्त गादीवरचं प्लास्टिक काढायचं राहिलं होतं! बाबा जरा सरकले. पुन्हा कर्र. त्यांनी चादरीचं टोक उचललं, खालचं कोरं प्लास्टिक बघितलं, आणि चादर परत नीट खोचली. मग गोळाफेक्याला म्हणाले, "तू जा बाळ. सर्दी होईल. कपडे बदल."

तो गेला. बाबांनी खाली मान घालून शिवण पुरी केली. दोरा दातांनी तोडला. आणि उठून तो शर्ट दुसऱ्या टेबलाजवळच्या खुर्चीच्या पाठीवर चढवला. एकेक बटण लावलं. दोन्ही बाह्या खुर्चीच्या हातांवरून खाली सोडल्या. त्या बरोबर जमिनीला टेकल्या.

"बसला," बाबा म्हणाले.

मला हसू आलं. मग हसता हसता जे रडू फुटलं ते आवरेना. सगळी 'सरक' आणि सगळी 'पुढचा' त्या रडण्यातून बाहेर पडली. बाबा माझ्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"घेऊन चला मला," मी म्हणालो. "नाहीतर नको. मी राहीन. तुम्ही काळजी करू नका. तुम्हाला घड्याळजी आहेत, म्हणून मला..."

बाबांचा हात थांबला.

"घड्याळजी गेला रे," ते म्हणाले. "म्हणजे आहे, धडधाकट आहे. पण तू इकडे आलास त्याच महिन्यात दुकान बंद करून लेकीकडे गेला."

"मग रोज बुद्धिबळ?"

"दोन्हीकडून मीच."

"वजीर कुणी खाल्ला?"

"मीच. लक्ष नव्हतं माझं."

आम्ही दोघं त्या करकरणाऱ्या गादीवर बसून राहिलो. समोर खुर्ची नवा शर्ट घालून बसली होती. तिघांत नीटनेटकी तीच! संध्याकाळच्या गाडीला मी बाबांना सोडायला गेलो, तेव्हा सदऱ्याचं चुकलेलं बटण मी नीट लावून दिलं. त्यांनी ते लावू दिलं, हेच मला सहन होईना.

पोचल्यावर त्यांचा फोन आला.

"पोचलो रे."

"काय करताय?"

"काही नाही. घड्याळजी आत्ताच उठून गेला बघ."

मी खुर्चीकडे बघितलं.

"वजीर वाचला का आज?"

"वाचला. लंबू कुठाय?"

"आंघोळीला गेलाय."

"फार आंघोळी करतो बुवा." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला. "बरं, ऐक. थंडी पडेल आता. त्याच्या कोटाचं माप पाठव. आणि त्याला म्हणावं, पोट जरा आत घे!"

कोटाचं माप शर्टापेक्षा थोडं सैल घ्यावं लागतं. ते कोणत्याही शिंप्याचा पोर तोंडपाठ सांगेल. पण आमच्या घरचा नियम तुम्हाला माहीतच आहे. मी उठलो आणि टेप काढली.