पोरांसाठी ठेवलेलं पेव

लेव्हीचा, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीचा, इन्स्पेक्टर तिसगावात घराघरांत शिरून कणग्या तपासतोय, हे ऐकलं आणि शांतवनानं घराकडे धूम ठोकली. मिशनच्या शाळेत घंटा वाजवणारा हा माणूस मुळातच भित्रा. ती घंटासुद्धा तो हेडमास्तरांकडे दोनदा बघून मगच वाजवायचा. त्यात त्याच्या अंगणात, जमिनीच्या पोटात, ज्वारीचं अख्खं पेव होतं. दोन वर्षांपूर्वी मरताना चुलता सत्यवान म्हणाला होता, "पोरांसाठी ठेव. उघडू नगंस." शांतवनानं ते एकदाही उघडलं नव्हतं. बघितलं तर खावंसं वाटेल, याचीही त्याला भीतीच. लढाईचे दिवस, रेशनवर किडकी बाजरी, तीही पोटापुरती नाही.

"अवो, उघडा की ते पेव," बायको मरियम रोज म्हणायची. "आपल्या पोरीच्या, कृपाच्या, बरगड्या मोजून घ्या एकदा."

"पोरांसाठी हाय ते."

"मंग ही कोन हायेत? शेजाऱ्याची?"

घंटेची वेळ झाली म्हणत शांतवन उठून जायचा. पण आता साठा सापडला तर जप्ती, वर तुरुंग! रातोरात त्यानं पेवाच्या तोंडावर मातीचा उंचवटा केला, कडेनं पांढरे दगड मांडले आणि उशाला लाकडी क्रूस रोवला. आपण सरकारला फसवतोय की देवाला, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

सकाळी इन्स्पेक्टर आले. सोबत पाळकसाहेब दानीएल.

"ही कबर कुणाची?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

शांतवनानं पाळकसाहेबांकडे बघितलं. गावातला प्रत्येक ख्रिस्ती मयत पाळकसाहेबांनी स्वतःच्या हातानं पुरलेला. कुणाचं नाव घेणार?

"माजी," तो म्हणाला.

"तुमची?"

"आगाऊ करून ठेवली, साहेब. आता लई दिवस ऱ्हायले न्हाईत."

भीतीनं तो इतका पिवळा पडला होता, घामानं असा थबथबला होता, की शंका घ्यायला जागाच नव्हती. इन्स्पेक्टरांनी टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि पुढच्या घरी गेले.

सुटलो, असं शांतवनाला वाटलं. कुठलं सुटणं! बातमी गावभर झाली. शेजारची म्हातारी बनुबाई रोज येऊन त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि म्हणायची, "कालच्यापक्षी उतरलास रं, बाबा!" चौथ्या दिवशी शांतवनाला खरंच ताप भरला. एवढी माणसं म्हणतायत म्हणजे असेलच काहीतरी, असं त्याच्या मनानं घेतलं.

आठव्या दिवशी पाळकसाहेब आले. "शांतवन, मरणाऱ्या माणसाला घंटा ओढायला लावणं बरं नाही. उद्यापासून बन्सीला सांगितलंय. तू आराम कर." आरामाला पगार नसतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते एक तारखेला कळलं.

त्या दिवशी मरियमनं भर सकाळी कुदळ उचलली.

"अगं थांब! चावडीवर इन्स्पेक्टरसाहेब परत आल्यात!"

"असू द्या. तुरुंगात भाकरी तरी मिळती." पहिला घाव क्रुसाच्या पायथ्याशी बसला.

कुंपणापलीकडून बनुबाई किंचाळली, "अगं ए, जिता हाय त्यो अजून! येवढी कसली घाई?"

तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा. घटकाभरात अर्धा गाव अंगणात आला, आणि मागोमाग इन्स्पेक्टरही. शांतवनानं झालं ते सगळं सांगून टाकलं आणि कुणी मागायच्या आधीच दोन्ही मनगटं जोडून पुढं धरली.

झाकणाची शिळा निघाली. दोरीनं कंदील आत सोडला तर विझला. आत वाईट हवा होती. दुपारपर्यंत सगळे थांबले. शांतवन तसाच, मनगटं जोडून बसलेला. शेवटी मरियमनं बादली सोडून वर ओढली. तिच्यात ज्वारी नव्हती. काळा, कुबट भुगा होता. पुन्हा सोडली, पुन्हा भुगाच.

"मला वाटलंच हुतं," बनुबाई म्हणाली. "शांतवना, हे तुज्या आज्यानं भरलेलं. मोठा दुष्काळ सरला त्या साली. त्यानं सत्यवानासाठी ठेवलं, सत्यवानानं पोरांसाठी. उघडलं कुनीच न्हाई."

"पन चुलतसासऱ्यांना पोरं कुठं हुती?" मरियमनं विचारलं.

"व्हय की. तरी ठेवलं."

इन्स्पेक्टरांनी भुगा चिमटीत घेतला, हुंगला आणि तीनदा शिंकले. "हे धान्य नाही. जप्त काय करू, कपाळ?"

तुरुंग टळला! शांतवन आधी हसला, मग बादलीजवळ बसून हमसाहमशी रडला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या भाकऱ्या होत्या त्या.

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "म्हणजे तू मरणार नाहीस?"

"न्हाई, पाळकसाहेब."

"मग उद्या घंटेला ये."

लोक पांगायला लागले. बनुबाईनं घरातून एक भाकरी आणून कृपाच्या हातावर ठेवली. पोरीनं तिचे दोन तुकडे केले. एक तोंडाला लावला आणि दुसरा परकराच्या ओच्यात बांधायला लागली.

"आबा, ही उद्याला ठेवते," ती शहाण्यासारखी म्हणाली.

"न्हाई!" शांतवन ओरडला. "आत्ता खा! समदी खा!"

त्याचा चढलेला आवाज गावानं जन्मात ऐकला नव्हता. इन्स्पेक्टरसुद्धा दचकून एक पाऊल मागं सरले. कृपानं ओचा सोडला आणि सगळ्यांदेखत, तिथंच उभ्यानं, शेवटच्या घासापर्यंत भाकरी खाल्ली.