तेवीस मिनिटांचं गाणं

रविवारी चार वाजताचा कार्यक्रम, आणि मिस्त्री बारा वाजल्यापासून बूट घालून सोफ्यावर बसले होते. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. सुट्टीच्या दिवशीही कुठे ना कुठे कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेलं असायचं आणि मिस्त्रींना जेवणावरून उठावं लागायचं. आज मात्र त्यांनी दुसऱ्या कंपनीतल्या एका ओळखीच्या माणसाला विनवून सगळे कॉल त्याच्या गळ्यात बांधले होते. टिकलीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, बँडचा आज पहिला मोठा कार्यक्रम होता. साडेतीनशे खुर्च्यांचं सभागृह आणि एकही तिकीट शिल्लक नाही.

"बाबा, तुम्ही आणि आई, दोघंच येताय ना?" सकाळी निघताना टिकलीनं विचारलं होतं.

"दोघंच," मिस्त्री म्हणाले होते. कामावरचे अकरा मेकॅनिकही येणार आहेत, हे सांगायचं त्यांनी जरा लांबणीवर टाकलं.

अकराही जण इस्त्रीचे शर्ट घालून सभागृहाच्या दारात वेळेआधी हजर होते. त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला सगळे गुरुजी म्हणत, कारण ते न विचारता शिकवत. सगळ्यात धाकटा ढब्बू. त्यानं एवढा मोठा पुष्पगुच्छ आणला होता की समोरून बघताना गुच्छच चालत आल्यासारखा वाटत होता.

"प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय हो, मिस्त्री?" ढब्बूनं फुलांच्या आडून विचारलं.

मिस्त्रींनी छाती पुढे काढली. "साधं गाणं चार मिनिटांत थांबतं. हे पुढे पुढे जात राहतं. टिकलीचं शेवटचं गाणं तेवीस मिनिटांचं आहे. एकटीनं लिहिलंय. नाव काय, तर 'अडकलेले मजले'!"

"म्हणजे आपल्या धंद्यावर?"

"मग काय! डॉक्टरांवर गाणी असतात, शिपायांवर असतात. लिफ्टवाल्यावर पहिलं गाणं आपल्या घरात झालंय."

टिकलीच्या आईनं त्यांचा शर्ट मागून ओढला. "अहो, हळू. लोक बघतायत."

"बघू देत की!"

पहिली पाच गाणी सुरळीत पार पडली. टिकली की-बोर्डवर होती, शेजारी कमरेपर्यंत केस असलेला गिटारवाला होता. त्याला मिस्त्री मनातल्या मनात जटाधारी म्हणत. मागे ढोलांच्या ढिगात फक्त कपाळ दिसणारा ड्रमवाला. प्रत्येक गाण्यानंतर मिस्त्री उभे राहून टाळ्या वाजवत, की पाठोपाठ अकरा जण उठत. त्यांच्या मागे बसलेल्या लोकांना कार्यक्रमाचा बराचसा भाग इस्त्रीच्या शर्टांचाच दिसला.

मग शेवटचं गाणं सुरू झालं. जटाधाऱ्यानं असा काही आवाज काढला की खुर्च्यांचे हात थरथरले. टिकली डोळे मिटून काहीतरी जीव तोडून गात होती, पण गिटारखाली शब्द पार गाडले गेले होते. मिस्त्रींनी कानामागे हात धरून बघितला. "दार" एवढा एकच शब्द हाताला लागला.

नवव्या मिनिटाला सगळं एकदम थांबलं. वाद्यं बंद, दिवे बंद. मिट्ट काळोख.

गाण्यातली ती ठरवलेली शांतता होती. बँडनं ती दोन महिने घोटली होती. पण एकतीस वर्षांत मिस्त्रींनी अचानक आलेल्या काळोखाचा एकच अर्थ शिकलेला होता.

"फेज गेला," ते पुटपुटले.

"नक्कीच," गुरुजी म्हणाले. "एवढा लोड, आणि जुनी वायरिंग."

"पोरीच्या पहिल्या कार्यक्रमात!" मिस्त्री उठलेच. टिकलीच्या आईनं अंधारात त्यांचा शर्ट पकडला, पण तो निघाला ढब्बूचा.

मिस्त्री, गुरुजी आणि ढब्बू, तिघंही बाजूच्या दारानं रंगमंचामागच्या बोळात शिरले. मिस्त्रींच्या खिशात टॉर्च होता. लग्नालाही तो असायचाच. भिंतीवर विजेचा बोर्ड सापडला. सगळी बटणं वर होती, एकच खाली.

"हे बघा, हाच पडलाय," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी ते वर केलं.

ते बटण सभागृहाच्या एसीचं होतं. त्याची घरघर शांततेत येऊ नये म्हणून साउंडवाल्यानं ते मुद्दाम पाडून ठेवलं होतं. एसी एका दणक्यात सुरू झाला, जटाधाऱ्याच्या भल्यामोठ्या अँप्लिफायरचा लोड आधीच होता, आणि मेन स्विच खट्‌कन खाली आला. आता मात्र सभागृहाची वीज खरोखरच गेली.

मिस्त्रींनी बोर्डावरून टॉर्च फिरवला.

"मिस्त्री," ढब्बू हळूच म्हणाला, "आधी गेली नव्हती वाटतं."

रंगमंचावर शांततेचे ठरलेले क्षण संपले. जटाधाऱ्यानं तारा छेडल्या. डास गुणगुणावा तेवढा आवाज आला. टिकलीनं की-बोर्डवर दोन्ही हात मारले. लाकडावर टकटक झाली. साडेतीनशे माणसं श्वास रोखून बसलेली. मग ड्रमवाल्यानं काठ्या बाजूला ठेवून बोटांनीच ताल धरला, आणि टिकली माईकशिवाय गायला लागली.

"ज्यांचं दार अडकलंय, त्यांच्याकडे तू जातोस,
आमचं दार उघडंच असतं, म्हणून शेवटी येतोस."

मिस्त्रींचा हात मेन स्विचवर होता. तो तिथेच राहिला.

"एकदा मीही न्हाणीघराची कडी लावली आतून,
रडले नाही, फक्त म्हटलं, अडकले आहे.
तू धावत आलास, आणि मला उचललंस.
सगळ्या शहरात त्या दिवशी मी पहिली होते."

मिस्त्रींना तो दिवस लख्ख आठवला. टिकली सहा वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडी खराब आहे म्हणून नवी, चांगल्यापैकी मऊ चालणारी कडी बसवली होती आणि आपल्या कामावर खूश झाले होते.

"चालू करू का?" गुरुजींनी विचारलं. "आधी एसीचं पाडायचं, मग मेन, असा क्रम आहे."

"थांबा."

"पण गिटारवाला..."

"गुरुजी, पोरगी गातेय माझी. थांबा म्हटलं ना!"

गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा शिकवता शिकवता थांबले. ढब्बू पुष्पगुच्छात नाक खुपसून उभा होता आणि त्याला शिंका येत होत्या, असं त्यानं नंतर सांगितलं.

टिकलीनं शेवटची ओळ गायली. मिस्त्रींनी मनात एक श्वास मोजला, एसीचं बटण पाडलं आणि मेन वर केला. पांढराशुभ्र प्रकाश, आणि रागानं कधीपासून तारा खेचत बसलेल्या जटाधाऱ्याची गिटार वीज कडाडल्यासारखी सभागृहात कोसळली. साडेतीनशे माणसं किंचाळत उभी राहिली. ती पुढची दहा मिनिटं खाली बसलीच नाहीत.

कार्यक्रमानंतर मेकअपच्या खोलीत जटाधारी केस मागे टाकत ओरडत होता, "माझी चार मिनिटांची सोलो गेली! कुणी पाडली वीज? मला फक्त नाव सांगा."

"मी," दारातून मिस्त्री म्हणाले.

टिकलीचा चेहरा पांढरा पडला, विजेमुळे नव्हे. "बाबा, तुम्हाला शब्द ऐकू आले?"

"सगळे."

"येऊ नयेत म्हणूनच मी तिथे गिटार एवढी मोठी ठेवली होती."

"काय?" जटाधारी म्हणाला. "मला तर म्हणालीस, तिथे माझ्या कलेची गरज आहे!"

कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मिस्त्रींनी घसा खाकरला. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. "गाण्यात मला अरेतुरे केलंस," ते शेवटी म्हणाले.

"तालात 'तुम्ही' बसत नव्हतं, बाबा."

"बरोबर आहे. 'तू' म्हणतेस तेच चांगलं बसतंय." आणि त्यांनी टॉर्च धरलेल्याच हातानं तिला जवळ घेतलं. टिकलीच्या आईनं चष्मा पुसायला घेतला आणि खूप वेळ पुसत राहिली.

तेवढ्यात एका संगीत मासिकाची बाई वही उघडून आत आली. "मधला तो अंधार! सगळी यंत्रं मरतात आणि फक्त माणसाचा आवाज उरतो. ही कल्पना कुणाची?"

जटाधाऱ्यानं तोंड उघडलं, पण टिकली आधी बोलली. "माझ्या वडिलांची. हे काय, हेच."

दुपारपासून दिसेल त्याला "ही माझी मुलगी" सांगत सुटलेले मिस्त्री आता नुसतेच कानापर्यंत लाल झाले.

"आणि तांत्रिक बाजू," गुरुजी पुढे होत म्हणाले, "आम्ही सांभाळली. लिहून घ्या, क्रम सांगतो."